परवानगीतला परवा

१. पायरीवरच्या बाई

चौथ्या आणि पाचव्या मजल्याच्या मधल्या पायरीवर एक बाई बसून रडत होत्या, आणि रडतानाही त्यांनी भाजीची पिशवी अशी सरळ धरली होती की टोमॅटो दबू नयेत. माझ्या मनात आलं, या नर्स असणार. पेशंट असो की पिशवी, धक्का लागू द्यायचा नाही.

मी सातव्या मजल्यावर गणिताच्या शिकवणीला चालले होते. दर सोमवारी आणि गुरुवारी, पायी. लिफ्टच्या दारावर "बंद आहे" अशी पुठ्ठ्याची पाटी ज्या सोमवारी पहिल्यांदा लागली, त्या दिवशी मला पोचायला उशीर झाला आणि सरांनी सगळ्यांसमोर उभं करून प्रमेय म्हणायला लावलं. तेव्हापासून पाटी तिथेच आहे. फक्त तिच्याखाली कुणीतरी पेनाने "आणि राहणार" असं लिहिलंय. त्या आठवड्यात माझ्या पोटऱ्यांनी असहकार पुकारला होता. बुधवारी सकाळी मी त्यांना तेल चोळत बसले होते आणि आत्या पेपरातली बातमी मोठ्याने वाचत होती, की मोठ्या दवाखान्यात मुदत संपलेली औषधं वाटली गेली आणि त्याचे कागद मंगळवारी भांडारातून बाहेर पडले.

हे आत्ताच सांगून ठेवते, कारण पुढे मला श्वास घ्यायला वेळ मिळणार नाही.

"सरकू का?" बाई म्हणाल्या.

"नको, मीच बसते. मला निमित्तच हवं होतं."

त्या रडता रडता हसल्या. खरंच सिस्टर होत्या. पगार थांबल्यावर घरभाडं परवडेना, म्हणून आता पाचव्या मजल्यावर बहिणीकडे राहायला आल्या होत्या.

"कागद मी बाहेर दिले म्हणे," त्या म्हणाल्या. "सरकारने माझा फोन ऐकला, आणि फोनवर मी तसं बोलले म्हणे. काय बोलले, कधी बोलले, ते सांगत नाहीत. गुप्त आहे."

"तुमचंच बोलणं तुमच्यापासून गुप्त?"

"तेच तर. मी दिवसातून पाच-सहा वेळा बहिणीशी बोलते. भाजी काय, आईचं गुडघ्याचं तेल संपलं का, असलंच. त्यातलं कुठलं बोलणं धरलंय त्यांनी, देव जाणे." त्यांनी पदराने डोळे पुसले. "उद्या देखरेख मंडळापुढे सुनावणी आहे. तिथे हरले तर नर्स म्हणून माझं नावच खोडतील. मग कुठलाच दवाखाना मला दारात उभं करणार नाही. आणि तिथल्या अध्यक्षबाई फार कडक आहेत म्हणे."

मी बोलते फार, हे सगळेच म्हणतात. पण त्या क्षणी माझी वाचाच बसली. कारण त्या कडक बाई रोज सकाळी डोक्यावरचा चष्मा घरभर शोधतात, आणि तो मी काढून देते.

२. आत्याचा नियम

"त्या बाईंशी काय बोललीस?" पायरीवरची गोष्ट ऐकून आत्याने विचारलं. तिने हातातली पोळी खाली ठेवली, म्हणजे प्रकरण गंभीर होतं.

"काहीच नाही. तू माझी आत्या आहेस हेसुद्धा नाही. विश्वास ठेव."

"तू गप्प बसलीस यावर? टिटवे, हे जास्त अवघड आहे."

आत्या निवृत्त न्यायाधीश. आईबाबा बदलीच्या गावी असतात, म्हणून मी शाळेसाठी तिच्याकडे. मंडळात ती आणि आणखी एक सदस्य, कॉलेजातले जुने प्राध्यापक. सरकार ज्यांचे फोन चोरून ऐकतं, ते कायद्यात बसून ऐकतं का, एवढंच दोघांनी बघायचं.

"चोरून आणि कायद्यात, दोन्ही कसं?"

"ज्याचं ऐकायचं त्याच्यापासून लपवून. न्यायाधीशापासून नाही. आधी परवानगी, मग कान."

"आणि घाई असेल तर?"

"तर आधी कान, पण दोन दिवसांत परवानगी. आमच्याकडे सगळ्यांना पाठच आहे, परवानगी परवापर्यंत. परवा उलटला आणि परवानगी नाही, तर ऐकलेलं सगळं पुसायचं. एक शब्द ठेवायचा नाही."

"आणि पुसलंय की नाही ते कोण बघतं?"

आत्याने पोळीचा तुकडा मोडला. "म्हणून तर या वयात मला डबा घेऊन कामावर जावं लागतं." मग जरा थांबून म्हणाली, "उद्याची सुनावणी उघडी ठेवलीय मी. सरकारी वकिलांना आवडलेलं नाही. पण जिच्याविरुद्ध तिचंच बोलणं वापरायचं, तिला ते एकदा ऐकू तर द्या."

"उघडी म्हणजे कुणीही यावं?"

"कुणीही. तू सोडून."

दुसऱ्या दिवशी आमची शाळा अर्धी होती. हा माझा दोष नव्हे.

३. व्हरांड्यातला चहा

मंडळाच्या कचेरीत एक लांब व्हरांडा आहे आणि त्याच्या टोकाला चहाचं टेबल. भांडणारे, ऐकणारे, निवाडा करणारे, सगळ्यांना चहा एकाच किटलीतला. मला तिथले सगळे ओळखतात, कारण मी शाळा सुटल्यावर तिथेच गृहपाठ करते.

पहिले भेटले कोटकाका, म्हणजे सरकारी वकील. उन्हाळ्यातही काळा कोट काढत नाहीत.

"काय टिटवी, निकाल काय लागणार?"

"मी कशी सांगू? तुम्हीच सांगा, ती बाई दोषी आहे का?"

"माझ्यासमोर जे टाइप होऊन येतं ते मी वाचतो, बाळ. त्यात दोषी दिसतेय. मला बाईंचा राग नाही. माझी आई त्याच दवाखान्यात बरी झाली."

त्यांच्या शेजारी चष्मिशताई उभी होती. ऐकण्याच्या खात्यात आवाजावरून शब्द टाइप करायचं काम तिचं. गोड पोरगी, फक्त सारखी दचकते.

"ताई, तुम्हाला कसं कळतं कुठलं बोलणं कधीचं?"

"ते गुपित नाही, माहितीपत्रकातच छापलंय. प्रत्येक बोलण्याच्या सुरुवातीला वार बोलून लावतात. बोलतं यंत्रच, आपण नुसता वार निवडायचा. पण तेवढा वेळ खोलीतला माइक उघडा असतो, म्हणून मी शिंकसुद्धा दाबते."

"वार तुम्ही निवडता?"

"मी किंवा साहेब. माझ्याकडे बहुतेक वेळा वार लागूनच येतो. मी फक्त लिहिते, आणि कुणी उद्या-परवा म्हणालं तर कंसात वार घालते."

साहेब म्हणजे ऐकण्याच्या खात्याचे प्रमुख. गाणाऱ्यांत तानसेन, तसे आमचे हे कानसेन. नाव मी ठेवलं आणि ते त्यांना आवडतंही. माणूस इतका हळू बोलतो की पुढे वाकावं लागतं. ते कपात चमचा फिरवत होते, टिंग टिंग टिंग, थांबायचं नाव नाही.

"काका, तुमचा चहा तर बिनसाखरेचा असतो ना?"

"हो. डॉक्टरांनी साखर सोडायला लावली. साखर सुटली, चमचा नाही सुटला." ते ओशाळून हसले. आज फार थकलेले दिसत होते.

"काका, लोकांचं सगळं ऐकून कंटाळा येत नाही?"

"कंटाळा नाही येत. भीती वाटते. एखादं ऐकायचं राहून गेलं आणि कुणी मेलं तर?" चमचा थांबला. "आणि कधी कधी उलटं होतं बाळ. नको ते ऐकलेलं असतं, आणि ते विसरता येत नाही."

तेवढ्यात शिपाईकाकांनी दार उघडलं. कानसेनकाकांनी भरलेला कप तसाच टेबलावर ठेवला आणि आत गेले. एक घोटही न घेता.

४. टिंग

मी मागच्या बाकावर, खांबाआड. आत्याने मला पाहिलं. तिच्या डाव्या भुवईचा केस न् केस मला रागावला, पण तोंडाने ती काही बोलली नाही.

कोटकाका उभे राहिले. परवानगी गुरुवारी दुपारी मिळाली. बोलणं गुरुवारी संध्याकाळचं. म्हणजे सगळं कायद्यात. फोन कंपनीकडून काय कळतं, असं प्राध्यापकांनी विचारलं, तर उपयोग नव्हता. सिस्टर बहिणीशी रोजच इतकं बोलत की नोंदीत सगळे वार सापडत होते.

"ऐकवा," आत्या म्हणाली.

खोलीत खरखर झाली. मग यंत्रातल्या बाईचा सपाट आवाज आला, "गुरुवार, संध्याकाळ." त्या आवाजामागे बारीक काहीतरी वाजत होतं. मग एकदम जिवंत, घाईतला आवाज, बहिणीचा.

"अगं, परवाचं मेट्रनला कळता कामा नये हं."

"वेडी आहेस का? मी कुणाला बोलतेय?" हा सिस्टरचा.

"आणि पिशवी?"

"पिशवी माझ्याकडे. मागच्या दाराने."

"बरं. ठेवते, लिफ्ट आली." टिंग. संपलं.

कोटकाकांनी कागद वर केला. "परवाचं, कंसात मंगळवार. कागद गेले तो मंगळवार. मेट्रन, दवाखान्याच्या मुख्य परिचारिका. पिशवी, मागचं दार. मला वाटतं, आणखी काही सांगायला नको."

आणि सिस्टर हसायला लागल्या. हसता हसता तोंडावर हात घेतला.

"अहो, मेट्रन म्हणजे आमची आई. घरात सगळ्यांच्या नाड्या तपासत फिरते म्हणून आम्ही तिला मेट्रन म्हणतो. तिला साठ वर्षं पूर्ण झाली त्या मंगळवारी. तिला न सांगता जेवण ठरवलं होतं. पिशवीत साडी होती. पुढच्या दाराने आणली असती तर तिने दारातच उघडली असती."

लोक हसले. कोटकाका नाही हसले, आणि त्यांचंही चूक नव्हतं.

"बाई, वाढदिवस मंगळवारी झाला. तुम्ही बोलताय गुरुवारी. होऊन गेलेला वाढदिवस कोण कुणापासून लपवतं? जिचा वाढदिवस, ती जेवून मोकळी झाली की."

सिस्टरचं हसू विरलं. "मग आधी बोललो असू. मला वार आठवत नाही हो. पण दुसरं काही नव्हतंच."

"वार यंत्रावर लावलाय. गुरुवार." ते खाली बसले.

सिस्टर आत्याकडे बघत होत्या, ज्या नजरेने लोक डॉक्टरकडे बघतात. आत्या कागदाकडे बघत होती. हरतेय असं वाटलं की ती ओठ आत ओढते. तिने ओढले.

आणि माझ्या पोटऱ्या एकदम दुखायला लागल्या. खरंच सांगते, डोक्याच्या आधी पोटऱ्यांना कळलं.

मी हात वर केला.

५. मधला मंगळवार

"ही शाळा नाही," आत्या म्हणाली.

"माहीत आहे. पण मला साक्ष द्यायचीय."

आत्याने चष्मा काढला, खुर्ची मागे सरकवली आणि उठून बाजूला जाऊन उभी राहिली. "ही माझी भाची आहे. ती बोलेल तेवढा वेळ मी या खुर्चीवर नाही. प्राध्यापकसाहेब, तुम्ही बघा."

प्राध्यापकांनी मला पुढे बोलावलं, खरं बोलण्याची शपथ दिली आणि म्हणाले, "सावकाश." मला सावकाश येत नाही, पण प्रयत्न केला.

"शेवटी जी टिंग वाजली ती लिफ्टची. सिस्टरच्या बहिणीच्या इमारतीत माझी शिकवणी असते. ज्या आठवड्यात ही औषधांची बातमी आली, त्याच आठवड्यात सोमवारी ती लिफ्ट बंद पडली. सोमवारी मी सात मजले चढले, गुरुवारी संध्याकाळी पुन्हा चढले, कालही चढले. ती अजून बंदच आहे. मग गुरुवारी संध्याकाळी कुठली लिफ्ट आली?"

कोटकाका हळूच म्हणाले, "दुसऱ्या इमारतीतली असेल."

"असेल. ते बहिणीला विचारा. पण आधी परवा बघू या." मी बोटं पुढे केली. "आपण परवा कधी म्हणतो? होऊन गेलेल्या दिवसालाही म्हणतो आणि येणाऱ्यालाही. गुरुवारी म्हटलं तर मागचा मंगळवार. पण रविवारी म्हटलं तर? पुढचा मंगळवार. तोच मंगळवार, काका. दोन्ही बाजूंनी तोच. रविवारी बोललं तर साडी आणि वाढदिवस. त्याच शब्दांवर गुरुवार चिकटवला की चोरी. शब्द एकही बदलला नाही, फक्त वार बदलला. आणि होऊन गेलेला वाढदिवस कुणी लपवत नाही, हे तर तुम्हीच सांगितलंत."

कोटकाकांनी कागद डोळ्यांजवळ नेला आणि पुन्हा वाचला. त्यांचा चेहरा बघवेना. चष्मिशताई पांढरीफटक पडली होती. "कंसातला मंगळवार मी लिहिला," ती म्हणाली. "वार गुरुवार लागून आला होता, म्हणून मी मागे मोजलं."

"ताईंनी मुद्दाम काहीच केलेलं नाही," मी म्हणाले. इथवर मला फार मजा येत होती. इथून पुढे नाही आली. "वार लावताना खोलीतला माइक उघडा असतो. सुरुवात पुन्हा ऐकवता का? यंत्रातल्या बाईंच्या मागे काय वाजतंय ते."

पुन्हा ऐकवलं. गुरुवार, संध्याकाळ. टिंग टिंग टिंग. न थांबता, गोल गोल.

ही टिंग लिफ्टची नव्हती. व्हरांड्यात रोज चहा पिणाऱ्या प्रत्येकाने ती ओळखली, आणि कुणीच त्यांच्याकडे मान वळवली नाही. ते आपणच उभे राहिले.

६. परवा होऊन गेला

"पोरीचं बरोबर आहे," कानसेनकाका म्हणाले. पहिल्यांदाच त्यांचा आवाज शेवटच्या बाकापर्यंत पोचला. "रविवारी खबर आली, दवाखान्यातून औषधं चोरीला जाणार. भांडाराच्या किल्ल्या ज्यांच्याकडे, त्यांचे फोन मी घाईच्या नियमाखाली ऐकायला लावले. परवानगी मंगळवारपर्यंत आणायची होती. सोमवारी साखर वाढून मी कचेरीतच पडलो. शुद्धीवर आलो तेव्हा परवा होऊन गेला होता."

"मग पुसायचं होतं," आत्या म्हणाली. ती अजून भिंतीशीच उभी होती.

"पुसायलाच बसलो होतो. चहा घेऊन. पण तोवर कागद खरंच बाहेर गेले होते. म्हटलं, यातच काही असेल आणि मी पुसून टाकलं तर? गुरुवारी परवानगी आली, मी गुरुवार लावला. एका वाराने कुणाचं काय बिघडतं, असं वाटलं. परवाचा अर्थ उलटेल हे डोक्यातच आलं नाही. उलटल्यावर कळलं. तेव्हाही बोललो नाही." ते सिस्टरकडे वळले. "तुम्ही नोकरीला मुकलात ते माझ्या भित्रेपणामुळे."

सिस्टर उठून त्यांच्यासमोर आल्या. मला वाटलं, आता बोलतील आणि बोलायलाच हवं.

"आता किती आहे साखर?" त्या म्हणाल्या.

"अं?"

"घाम आलाय तुम्हाला. सकाळपासून काही खाल्लंय का? गोळी घेऊन उपाशी राहिलात तर इथेच आडवे व्हाल. बसा आधी. राग मी नंतर करते, तो कुठे जात नाही."

शिपाईकाका बिस्किटं आणायला धावले.

बहिणीला तिथूनच फोन लावला. ती म्हणाली, आमचीच लिफ्ट, मी दारात उभी राहून बोलत होते. लिफ्टवाल्यांनीही सोमवार सांगितला. निकाल एकट्या प्राध्यापकांनी लिहिला. ते बोलणं परवानगीशिवाय ऐकलेलं, म्हणून आजच पुसायचं, आणि त्यावरून सिस्टरवर ठेवलेला ठपका रद्द. काकांना खात्यातून बाजूला केलं. त्यांच्याबद्दलची चौकशी अजून चालू आहे. कागद कुणी बाहेर दिले ते आजवर कळलेलं नाही. आत्या म्हणते, ते शोधणं मंडळाचं काम नव्हे, आणि मुदत संपलेली औषधं कुणी वाटली हे आधी शोधा.

घरी येताना मी विचारलं, "मी आले म्हणून रागावलीस?"

"हो."

"आणि?"

"आणि तो कागद मी किती वेळा वाचला होता, ठाऊक आहे? आम्ही बघतो ते पुरतं, असं समजून बसले होते. नुसतं वाचलं. एकदाही आवाज ऐकायला मागितला नव्हता." थोडं चालल्यावर ती म्हणाली, "यापुढे प्रत्येक बोलणं आम्ही स्वतः ऐकणार. ऐकणाऱ्यांचं ऐकायला बसलोय, आणि कान घरी ठेवून."

"चष्म्यासारखे," मी म्हणाले. तिने डोक्यावर हात नेला. होता.

सोमवारी शिकवणीला गेले तर सिस्टर त्याच पायरीवर. या वेळी रडत नव्हत्या, नुसत्या दमल्या होत्या. शेजारी तीच सरळ धरलेली पिशवी.

"परवापासून कामावर," त्या म्हणाल्या.

"रुजू झालात की होणार?"

त्या इतक्या हसल्या की वरच्या मजल्यावरून कुणीतरी डोकावलं. मग त्यांचा फोन वाजला. मेट्रन होत्या. पलीकडचं मला ऐकू येत नव्हतं, आणि मी ऐकण्याचा प्रयत्नही केला नाही, शप्पथ.

"हो आई. नाही, अजून नाही. परवा," सिस्टर म्हणाल्या आणि मधेच थांबल्या. फोन कानापासून जरासा दूर धरून त्यांनी त्याच्याकडे पाहिलं, आणि मग एकेक शब्द सुटा करत, कुणीतरी लिहून घेत असल्यासारखं म्हणाल्या, "बुधवारी. येत्या बुधवारी."